पाळ राखणाऱ्यांसाठी

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी खडी फोडली, रस्ते केले आणि गावोगाव पाझर तलाव बांधले. डोक्यावर पाट्या वाहून उभे केलेले ते मातीचे भराव आता पन्नाशीच्या पुढे गेले आहेत. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव, त्यांच्याहून कितीतरी जुने. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी जमिनीचा उतार ओळखून ते बांधले. आजही त्यांची संख्या साडेसहा हजारांहून जास्त भरते. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं तर १५३० सालचं. दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून अडवलेलं ते पाणी अजून टिकून आहे, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानं त्या तळ्याला जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत घेतलं.

म्हणजे मातीचं धरण केवळ वय झालं म्हणून पडत नाही. नीट दाबलेली माती गंजत नाही, कुजत नाही. थकतात ते इतर भाग: पाणी सोडायच्या मोरीची लोखंडी झडप, तिच्या भोवतीचा चुना, जादा पाणी वाहून नेणाऱ्या सांडव्याची भिंत, पाण्याच्या बाजूचे पिचिंगचे दगड. त्यांच्याही आधी ढिली पडते ती देखरेख. मामा तलावाला पूर्वी सारा गोळा करणारा मालगुजार होता, पाणी सोडणारा पाणकर होता, उन्हाळ्यात पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, माती टाकणारं गाव होतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवरून रोज फिरणारी माणसं कमी झाली. पाझर तलावांना तर अशी माणसं फारशी लाभलीच नाहीत. काम दुष्काळाचं होतं. पाऊस पडला आणि मजूर घरी गेले.

कायदाही या लहान तलावांपर्यंत पूर्ण पोचत नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची आहे. पण हा कायदा लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या अशा धरणांना, ज्यांची लांबी, साठा किंवा पूर ठरावीक मापापेक्षा मोठा आहे. गावचे बहुतेक तलाव या मापात बसत नाहीत. त्यांना मालक नसतो असं नाही. जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, मृद व जलसंधारण विभाग किंवा ग्रामपंचायत, कुणाचं तरी नाव कागदावर असतंच. पण एकेका अभियंत्याच्या वाट्याला इतके तलाव येतात की एका तलावावर तो वर्षातून एखादा दिवस पोचला तरी खूप.

उरलेले दिवस तलाव कोण पाहणार? जे त्याच्या काठी राहतात ते. मच्छीमार सहकारी संस्था, पाणी वापर संस्था, गावातलं तरुण मंडळ, शहराच्या कडेला तळ्याभोवती फिरायला येणाऱ्यांनी केलेला गट, अशा अनेक ठिकाणी लोक आपणहून पुढे येतात. उत्साह भरपूर असतो आणि तो बहुधा जलपर्णी काढण्यात, कचरा वेचण्यात आणि गाळ उपसण्यात खर्च होतो. पाळीकडे कुणी पाहत नाही, कारण पाळीवर पाहण्यासारखं काही दिसत नाही. पुढचं सारं लिखाण अशा गटांसाठी आहे. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच: स्वयंसेवकांचं खरं काम पाळ पाहणं, तिची नोंद ठेवणं, ती मोकळी ठेवणं आणि वेळेवर कळवणं हे आहे. बांधकाम हे त्यांचं काम नाही.

आधी कागद

गटानं फावडं उचलण्याआधी तलाव कुणाचा हे शोधावं. तलाठ्याकडचा सातबारा, जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे उपविभागातली नोंदवही, ग्रामपंचायतीचं मालमत्ता रजिस्टर या तीन ठिकाणी बहुतेक वेळा उत्तर सापडतं. नाही सापडलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. मालक कळला की त्याच्याकडून तीन आकडे मागावेत: पाळीच्या माथ्याची पातळी, तलाव पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी आणि सांडव्याची लांबी. जुना नकाशा मिळाला तर सोनंच. मोरी पाळीखालून नेमकी कुठून जाते हे त्यात कळतं, आणि ती जागा पुढे सर्वांत जास्त लक्ष ठेवण्याची आहे.

मग ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि गटाला तलावाची समिती म्हणून मान्यता मिळवावी. वेगळी संस्था नोंदवायची असेल तर तीही नोंदवता येते, पण ठरावाचं बळ वेगळं असतं. त्या ठरावाची प्रत जोडून तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्या विभागाला पत्र द्यावं आणि त्याची पोच घ्यावी. पुढे प्रत्येक पत्राची पोच घ्यावी. फोनवर सांगितलेलं विरतं, शिक्का मारलेला कागद राहतो.

सरकारी यंत्रणा आणि लोकांची संस्था यांनी काम वाटून घेतलं तर काय होतं याचं चांगलं उदाहरण नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर आहे. तिथे १९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था पाणी मोजून घेतात, आपसात वाटतात आणि पट्टी वसूल करतात. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं त्यामागे वर्षानुवर्षं मेहनत घेतली. कोणतं काम कुणाचं हे ठरलेलं असल्यामुळे भांडणं कमी होतात. तलाव लहान असला तरी अशी वाटणी लिहून काढावी: झुडपं कोण काढणार, मोरीची चावी कुणाकडे, सांडव्यावर कुणाची नजर, नोंदवही कोण लिहिणार.

पाळीवरून चालणं

पाळ पाहायची म्हणजे चालायची. एक फेरी माथ्यावरून, एक पाण्याच्या बाजूनं आणि एक पायथ्याकडून. पायथ्याची फेरी लोक टाळतात, कारण तिकडे झुडपं, चिखल आणि साप असतात. नेमकी तीच सर्वांत मोलाची. दोघांनी मिळून जावं, हातात काठी असावी, पायात गमबूट असावेत.

मे महिन्यात एक सविस्तर फेरी, तलाव भरताना दर आठवड्याला, भरून सांडवा वाहू लागला की रोज आणि अतिवृष्टीत दिवसातून दोनदा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा एक सविस्तर फेरी. मोबाइलवर फोटो काढावेत, पण दर वेळी त्याच जागी उभं राहून. त्यासाठी माथ्यावर दर वीस मीटरवर दगड रोवून त्यांना रंगानं क्रमांक द्यावेत. 'पाचव्या आणि सहाव्या दगडाच्या मधे, पायथ्याशी' असं लिहिलं की तालुक्याच्या कार्यालयात बसलेल्या अभियंत्यालाही जागा कळते.

माथा सपाट आहे का हेही दरवर्षी तपासावं. भराव हळूहळू बसतो. गुरांच्या वाटेनं, ट्रॅक्टरच्या चाकांनी मधेच घळ पडते. पूर आला तर पाणी पाळीवरून सगळीकडून जात नाही, सर्वांत खोल जागेतून जातं आणि तिथेच पाळ कापत नेतं. माथा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन प्रत्येक क्रमांकाच्या दगडाजवळची उंची मोजता येते. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यातून निघणारा तक्ता अभियंत्याच्या फार उपयोगाचा असतो.

काळ्या मातीच्या पाळीला उन्हाळ्यात भेगा पडतात. माथ्यावर जाळीसारख्या पसरलेल्या उथळ भेगा पावसानं मिटतात, त्यांची फार काळजी नको. लांबलचक भेग पाळीच्या लांबीला समांतर गेली असेल तर भरावाचा एखादा तुकडा घसरू पाहत असतो. आणि भेग पाळ आडवी कापत असेल, पाण्याच्या बाजूकडून पायथ्याकडे, तर त्याच दिवशी विभागाला कळवावं. भेगेच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात, रुंदी मोजून तारीख लिहावी आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर ताडपत्री टाकावी. मातीनं बुजवून झाकून टाकू नये. अभियंत्याला ती उघडी दिसली पाहिजे.

स्वच्छ पाझर, गढूळ पाझर

प्रत्येक मातीची पाळ थोडी पाझरते. पायथ्याशी ओल असणं, बारीक धार असणं हे एरवी चिंतेचं कारण नाही. पाझर तलावाचं तर कामच पाणी जिरवण्याचं. प्रश्न दोनच: पाझर वाढतो आहे का, आणि पाण्याबरोबर माती येते आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बादलीनं मिळतं. पायथ्याचं पाणी छोट्या चरातून एका जागी आणावं, तिथे एक पाइपचा तुकडा बसवावा आणि दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजावं. त्याच दिवशी तलावातल्या पाण्याची पातळी लिहावी. मोरीच्या भिंतीवर किंवा पाण्यात रोवलेल्या खांबावर सेंटिमीटरची पट्टी रंगवून ठेवली की पातळी दिसते. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिणं फार महत्त्वाचं. तलाव भरत असताना पाझर वाढला तर ते अपेक्षित आहे. पण पातळी तीच असून बादली गेल्या वर्षी चाळीस सेकंदांत भरत होती आणि यंदा वीस सेकंदांत भरते आहे, तर पाळीच्या पोटात काहीतरी बदललं आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी काचेची बरणी पुरते. पाझराचं पाणी भरून रात्रभर ठेवावं. तळाशी माती बसली तर पाण्यानं आतून मातीचे कण वाहून न्यायला सुरुवात केली आहे. कण गेले की वाट रुंदावते, वाट रुंदावली की पाण्याचा जोर वाढतो, जोर वाढला की आणखी माती जाते. ही क्रिया महिनोन्‌महिने मंद चालते आणि मग काही तासांत संपते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात टेटन नावाचं मातीचं प्रचंड धरण पहिल्यांदाच भरलं जात होतं. ५ जून १९७६ च्या सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाझर दिसला. बुलडोझर आणून माती लोटली गेली, पण भोक वाढतच गेलं आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. पाच तासांचाही अवधी मिळाला नाही. त्यात ११ माणसं गेली.

आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते जुनंही नव्हतं, वीसएक वर्षांचं होतं. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक जीव गेले. गळतीची तक्रार आधीच केली होती असं गावकऱ्यांनी तेव्हा सांगितलं. त्यानंतर धरण खेकड्यांनी पोखरलं या दाव्यावरून राज्यभर चर्चा झाली, पण लहान तलाव राखणाऱ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. गळती दिसली होती. दिसल्यानंतर काय करायचं, किती दिवसांत करायचं आणि खालच्या घरांनी कधी उठायचं, हे ठरलेलं नव्हतं.

याच्या उलट घडलं मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या धरणातून पाणी झिरपू लागलं आणि भरावाचा तुकडा खचला. प्रशासनानं खालची १८ गावं रिकामी केली आणि कडेनं चर खोदून पाणी काढून दिलं. शेवटी तो चर रुंदावत गेला आणि धरणाचं मोठं नुकसान झालं, पण एकही माणूस दगावला नाही. धरणाच्या दर्जाचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. माणसं वाचली ती वेळेवर हलवल्यामुळे.

सांडव्याला हात लावू नका

मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते टिकत नाही. म्हणून सांडवा हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग. पूर्व विदर्भात त्याला सलंग म्हणतात आणि मोरीला तुडूम. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू-२ धरण फुटलं ते याच कारणानं: आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा फार मोठा होता, पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावावरून गेलं आणि भराव वाहून गेले. शहरातली हजारो माणसं मेली असं मानलं जातं.

गावच्या तलावात मात्र सांडवा मुळातच लहान असण्यापेक्षा तो लोकांनीच लहान केलेला आढळतो. पाणी जास्त दिवस पुरावं म्हणून त्यावर रेतीची पोती रचतात, कधी सिमेंटची ओळ चढवतात. मासे निसटू नयेत म्हणून बांबूची ताटी किंवा नायलॉनचं जाळं आडवं बांधतात. सांडव्याच्या पुढच्या नाल्यात कुणी शेत वाढवतं, कुणी घर बांधतं. प्रत्येकाचा हेतू समजण्यासारखा आहे. ढिवराच्या घरात वर्षाचं उत्पन्न त्या माशांत असतं आणि एक फूट पाणी वाढलं तर धानाला आणखी एक पाणी मिळतं. म्हणून या लोकांशी भांडून काही होत नाही. हिशेब मांडून दाखवावा लागतो.

समजा, सांडव्याच्या माथ्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंत ६० सेंटिमीटर मोकळी जागा आहे. सांडव्यावर ३० सेंटिमीटरची पोती रचली. मोकळी जागा निम्मी झाली, पण पाणी वाहून नेण्याची ताकद निम्मी राहत नाही. ती एक तृतीयांशाच्या आसपास येते. कारण पाण्याचा थर जाड असला की त्याचा वेगही जास्त असतो. म्हणजे पोती रचणाऱ्यानं तलावाची पुराशी झुंजण्याची जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती काढून घेतलेली असते. तीही नेमकी त्या महिन्यांत, जेव्हा तिची गरज आहे.

मासे अडवायचेच असतील तर जाळं सांडव्यावर न बांधता तलावाच्या आत, सांडव्यापासून बरंच अलीकडे, खांबांवर बांधावं. पूर आला की एका दोरीनं सोडता यावं अशी गाठ असावी. त्यात अडकणारा पालापाचोळा रोज काढण्याची जबाबदारी मच्छीमार संस्थेनं लेखी घ्यावी. पाणीसाठा खरोखर वाढवायचा असेल तर त्याचा एकच रस्ता आहे: अभियंत्याकडून पुराचा हिशेब करून घेणं, सांडवा लांबवणं किंवा पाळ उंचावणं. त्याला वेळ आणि पैसा लागतो.

झाडं, बिळं, पाइप

पाळीवरची झुडपं काढणं हे स्वयंसेवकांचं हक्काचं काम. बेशरम, घाणेरी, बाभळीची रोपं लहान असतानाच मुळासकट उपटावीत, विशेषतः उतारावर आणि पायथ्याशी. पायथा दिसलाच नाही तर पाझर कसा दिसणार? उतारावर हरळी राहू द्यावी. ती माती धरून ठेवते. भंडारा-गोंदियाकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजातल्या लोकांबरोबर काम करताना तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, म्हणजे माशांना अंडी घालायला जागा मिळाली. पाळ आणि मासे दोन्ही एकाच कामातून सावरतात, हे लोकांना पटवायला असं उदाहरण फार उपयोगी पडतं.

मोठ्या झाडांचं मात्र वेगळं आहे. जुन्या मामा तलावांच्या पाळींवर मोह, अर्जुन, जांभूळ असे थोराड वृक्ष उभे असतात. ते कापले की आत मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. ते वादळात उन्मळले तर पाळीचा मोठा लचका तोडून नेतात. दोन्हीकडे धोका आहे, म्हणून प्रत्येक झाडाचा निर्णय अभियंत्यानं जागेवर येऊन घ्यावा. नवीन झाड मात्र पाळीवर लावूच नये, अगदी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमातही नाही. तलावाच्या काठाला दुसरीकडे जागा भरपूर असते. मोरीच्या किंवा सांडव्याच्या दगडी बांधकामात उगवलेलं पिंपळाचं रोप दिसेल त्या दिवशी काढावं.

घुशी, उंदीर, साळिंदर आणि खेकडे पाळ पोखरतात, वाळवी वारूळ करते. उथळ बिळं उन्हाळ्यात ओल्या चिकणमातीनं, थोडी थोडी ठासत, बुजवावीत. काठी हातभर आत गेली तर ते काम आपलं नाही. फोटो, जागा आणि खोली लिहून विभागाला द्यावी.

बिळांहून वाईट म्हणजे माणसानं पाळीतून घातलेले पाइप. तलावातून शेतात मोटरीनं पाणी नेण्यासाठी रातोरात पाळ खणून पाइप पुरला जातो, वर माती लोटली जाते. ती माती मूळ भरावासारखी कधीच दबत नाही आणि पाइपाच्या बाहेरून पाणी आपली वाट करतं. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हाही भराव खचला होता तो मोरीच्याच रेषेवर. माती आणि दुसरी वस्तू जिथे भेटतात ती जागा नेहमी कच्ची असते. पाइप न्यायचाच असेल तर तो पाळीवरून, जमिनीच्या वरून न्यावा, आणि तोही परवानगी घेऊन. पायथ्यालगत विहीर, शेततळं किंवा वीटभट्टीसाठी खड्डा खणू देऊ नये. किती अंतर सोडायचं ते विभागाकडून लिहून घ्यावं.

गाळाचा मोह

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे उन्हाळ्यात तलावांत जेसीबी उतरतात. शेतात गाळ जातो, साठा वाढतो, सगळे खूश असतात. पण पाळीच्या पायथ्याजवळ आतल्या बाजूला साठलेला बारीक गाळ अनेक तलावांत पाणी अडवण्याचं काम करत असतो. वर्षानुवर्षं बसलेला तो थर खरवडला आणि खालचा मुरूम उघडा पडला की पाझर अचानक वाढतो. शिवाय पाळीच्या पायाशी खोल खड्डा झाला की आतला उतार घसरू शकतो. म्हणून यंत्र येण्याआधी गटानं पाळीपासून ठरवून दिलेल्या अंतरावर झेंडे रोवावेत आणि त्यांच्या अलीकडे बकेट पडू देऊ नये. डंपरचा रस्ता पाळीच्या माथ्यावरून जाऊ देऊ नये. गाळ उपसल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बादलीची नोंद आठवड्याऐवजी रोज ठेवावी.

ढासळलेले पिचिंगचे दगड हातानं परत लावता येतात. गोल दगड न घेता टोकदार घ्यावेत, एकमेकांत अडकवून उभे बसवावेत. पावसानं पडलेली छोटी घळ भरताना नुसती माती लोटू नये. आधी घळीला पायऱ्या कापाव्यात, मग वीतभर थर, पाणी शिंपणं, धुम्मसनं ठोकणं, पुन्हा थर. हे सारं मेअखेर आटोपावं, म्हणजे पाऊस ताज्या मातीवर पडत नाही. याच्या पुढचं काम, म्हणजे मोरीची दुरुस्ती, भरावात खोदाई, सांडव्याचं बांधकाम, पैसा आणि माणसं हाताशी असली तरी गटानं करू नये. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात तलावाच्या देखभालीची ओळ घालून घ्यावी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी मोजमापांची वही जोडून प्रस्ताव पाठवावा. पाच वर्षांचे आकडे सोबत असलेला प्रस्ताव नुसत्या निवेदनासारखा सहज बाजूला सारता येत नाही.

उत्तर आलं नाही तर पत्राची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात.

पाळ बोलू लागली तर

गढूळ धार, पायथ्याशी उकळी फुटल्यासारखं वर येणारं पाणी, माथ्यावर अचानक पडलेला खड्डा, पाण्यात फिरणारा भोवरा, पाळीचा घसरलेला तुकडा: यातलं काहीही दिसलं तर पहिलं काम फोन करण्याचं, फावडं उचलण्याचं नंतर. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस ११२, शिवाय तहसीलदार आणि विभागाचा अभियंता. हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले असावेत. मोबाइलची रेंज नसलेल्या गावात रेंज कुठे मिळते ती जागाही ठरलेली असावी.

मोरी चालू असेल आणि सुरक्षितपणे उघडता येत असेल तर अभियंत्याला विचारून उघडावी. अडकलेली झडप सोडवायला कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये. मोरीच्या तोंडाशी पाण्याची ओढ इतकी असते की पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. मोरीच्या विहिरीतही एकट्यानं उतरू नये, तिथे विषारी वायू असू शकतो. पाळ स्वतः कधीही कापू नये. पाणी काढून द्यायची वाट अभियंता ठरवेल. पातळी फार झपाट्यानं उतरली तरी आतला ओला उतार घसरतो, हेही तो जाणतो.

पायथ्याशी उकळी फुटली तर ती माती टाकून बुजवायचा मोह होतो. दाबलेलं पाणी मग दुसरीकडून फुटतं. त्याऐवजी तिच्याभोवती रेतीच्या पोत्यांचं गोल कडं रचावं, म्हणजे आत पाणी साठून उकळीवर दाब येतो, आणि आत आधी जाडसर रेती, तिच्यावर खडी टाकावी. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. पाळ हलताना दिसत असेल तर हेही करू नये. तिथून सगळ्यांनी निघावं. म्हणून पोती, रेती आणि खडी जूनच्या पहिल्या आठवड्यातच पाळीच्या एका टोकाला रचून ठेवावी. रात्री पावसात ती कुठून येणार?

माणसं हलवण्याची तयारीही उन्हाळ्यातच व्हावी. खालच्या बाजूच्या प्रत्येक घराची यादी करावी: किती माणसं, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाच्या घरी बाळंतीण, किती जनावरं. ओढ्याकाठच्या वस्तीत हंगामापुरते राहणारे ऊसतोड मजूर, मेंढपाळ, वीटभट्टीचे कामगार यादीतून हमखास सुटतात, त्यांची दर महिन्याला नव्यानं नोंद करावी. कोणत्या उंचावरच्या जागी जायचं आणि कोणत्या वाटेनं, हे एकदा तरी सगळ्यांनी चालून पाहावं. त्या वाटेवर ओढ्याचा पूल येत असेल तर वाट बदलावी. देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा वीज गेल्यावर बॅटरीवर चालतो का, ते तपासावं. जनावरांची दावी सोडण्यात वेळ जातो आणि माणसं त्यासाठीच मागे राहतात. म्हणून इशारा मिळताच दावी कापायची, असं आधीच ठरवून ठेवावं.

अतिवृष्टीच्या रात्रींसाठी पहाऱ्याच्या पाळ्या लावाव्यात, दोघांची जोडी, हाती विजेऱ्या आणि शिट्टी. फोनवर काय सांगायचं ते एका कागदावर लिहून त्या जोडीकडे द्यावं, म्हणजे घाईत काही राहत नाही: तलावाचं आणि गावाचं नाव, नेमकं काय दिसतं आहे, कितव्या दगडाजवळ, पाणी स्वच्छ की गढूळ, माथ्यापासून पाणी किती खाली आहे, तासाभरात किती चढलं, सांडवा मोकळा वाहतो आहे का, खाली किती घरं आहेत आणि त्यातली किती रिकामी झाली.